नुसत्या ब्लॉकेजच्या टक्क्यावर अँजिओप्लास्टी मंजूर करू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार,

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, हे चांगलेच झाले. पण पैशाची सोय झाली की गरज नसलेले स्टेंटही (अँजिओप्लास्टीत हृदयाची नस उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीच्या नळ्या) पडू लागतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावातल्या मोफत शिबिरातून 19 जणांना अहमदाबादच्या खासगी रुग्णालयात नेले गेले. सात जणांची अँजिओप्लास्टी झाली, दोघे दगावले. असे प्रकरण निदान उघडकीला तरी येते. आमची तक्रार आहे ती कागदपत्रे चोख असलेल्या, पण रुग्णाच्या पदरात काही न टाकणाऱ्या अँजिओप्लास्टीबद्दल.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. हार्ट अटॅक चालू आहे, ईसीजीच्या आलेखातला ‘एसटी’ नावाचा भाग वर गेला आहे (नस पूर्ण बंद झाल्याची खूण), तिथे योजनेच्या मंजुरीची फाइल आड येता कामा नये. अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांत नस उघडली पाहिजे. तिथे दोन तासांत पोचणे शक्य नसेल तर रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच द्यावे आणि मग रुग्ण हलवावा. मात्र अटॅक येऊन तीन दिवस उलटून गेले, छातीत दुखत नाही, प्रकृती स्थिर आहे आणि नस पूर्ण बंद आहे, तर ती उघडून मृत्यू किंवा पुढचा अटॅक टळत नाही. 2006 च्या ‘ओॲट’ या संशोधन चाचणीत 2,166 रुग्णांवर हे तपासले गेले. मंजुरीच्या अर्जात नुसते ‘हार्ट अटॅक’ एवढेच लिहिलेले असेल तर हे दोन रुग्ण सारखेच दिसतात. म्हणून दुखणे कधी सुरू झाले, ती तारीख आणि वेळ सक्तीने भरून घ्या.

खरा घोळ स्थिर रुग्णांत, म्हणजे अटॅक चालू नसलेल्यांत, आहे. अँजिओग्राफी चालू असते, रुग्ण टेबलावर असतो, नातेवाइकांना आत बोलावून पडद्यावर बोट ठेवले जाते : “नव्वद टक्के ब्लॉक आहे, आत्ताच टाकून घ्या.” त्या क्षणी कोण नाही म्हणेल? पण हा टक्का नजरेचा अंदाज असतो. दोन डॉक्टर त्याच चित्राला 60 आणि 80 म्हणू शकतात. नसेत दाब मोजणारी बारीक तार घालून ब्लॉकेजच्या पुढचा दाब मागच्या दाबाशी ताडला की गुणोत्तर मिळते. ते 0.80 किंवा त्याहून कमी असेल तर रक्तपुरवठा खरोखर अडलेला आहे. ‘फेम’ चाचणीत 50 ते 70 टक्के दिसणाऱ्या ब्लॉकेजपैकी जेमतेम 35 टक्केच या कसोटीवर गंभीर ठरले. 71 ते 90 मध्येसुद्धा पाचातला एक गंभीर नव्हता. तेव्हा 90 च्या आतल्या ब्लॉकेजसाठी या तारेचे मोजमाप किंवा स्ट्रेस तपासणीचा (हृदयावर ताण देऊन रक्तपुरवठा पाहण्याचा) अहवाल मागा, आणि तारेचा खर्च योजनेच्या ठरलेल्या पॅकेजच्या रकमेवर वेगळा द्या. नाहीतर ती कोणी वापरणार नाही.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत 5,179 स्थिर रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. सरसकट स्टेंट-बायपास आणि आधी औषधे, या दोन गटांत मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. डाव्या मुख्य नसेचे ब्लॉकेज आणि फारच कमजोर हृदय असलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते, हेही सांगायला हवे. अँजिओप्लास्टीने दुखणे कमी होते, आणि औषधे नीट घेऊनही ज्याला जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, त्याचा तो हक्काचा उपचार आहे. पण त्याने आधी कोणती औषधे, किती डोसने आणि किती आठवडे घेतली? अर्जात हा रकाना रिकामा असेल तर अर्ज परत पाठवा.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे : बायपास लागणाऱ्याला स्टेंट. मधुमेह आणि तीन नसांचे ब्लॉकेज असेल तर बायपास सरस, हे 2012 च्या ‘फ्रीडम’ चाचणीने दाखवले. मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी पाच वर्षांत स्टेंटच्या गटात 26.6 टक्क्यांना झाले, बायपासच्या गटात 18.7 टक्क्यांना. पक्षाघात तेवढा बायपासमध्ये जास्त. कारण साधे आहे. स्टेंट एका जागेपुरता असतो. बायपास रोगट भाग ओलांडून पुढे जोडला जातो, त्यामुळे मागे उद्या नवे ब्लॉकेज झाले तरी रक्त पोचते. छातीतली धमनी हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य नसेला जोडली तर ती दहा वर्षांनीही बहुधा उघडी असते. पायातून काढलेल्या शिरांचे तसे नाही. पण ज्या रुग्णालयात कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) आहे आणि बायपास करणारा सर्जन नाही, तिथे अशा रुग्णाला दोन टप्प्यांत चार स्टेंट बसतात. डावी मुख्य नस, तीन नसा, किंवा मधुमेह असून दोन नसा : या तिन्हींत टेबलावरचा निर्णय बंद करा. रुग्ण खाली उतरू द्या, आणि हृदयशल्यविशारदाची लेखी सही असल्याशिवाय मंजुरी देऊ नका. सर्जन दुसऱ्या रुग्णालयाचा असला आणि त्याने अँजिओग्राफीची पूर्ण फिल्म ऑनलाइन पाहिली तरी चालेल. निवडून पाठवलेली दोन स्थिर चित्रे मात्र पुरेशी धरू नका.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, अटॅकनंतर वर्षभर, न चुकता लागतात. गोळ्या संपल्या म्हणून थांबवल्या की स्टेंटमध्ये गाठ होऊन तो बंद पडू शकतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळतील, एवढे आदेश तरी याच महिन्यात काढावेत.

आपले,
हृदयरोग आणि हृदयशस्त्रक्रिया या विषयांत काम करणारे काही डॉक्टर