आजींची पोटरी मोजा, मग सल्ला द्या

महोदय,

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की मुंबईत विरंगुळा केंद्रांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिरं भरतात. वजन-उंची घेतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढतात आणि तो जरा वर दिसला की 'भात-तूप कमी करा, रात्री हलकं खा' म्हणून मोकळे होतात. सत्तरीपुढच्या माणसाला हा सल्ला महागात पडू शकतो.

घोळ उंचीपासूनच सुरू होतो. मणके दबतात, पाठीला बाक येतो. समजा, ७८ वर्षांच्या आजी भिंतीला टेकून १४२ सेंमी भरल्या आणि वजन ४८ किलो. बीएमआय २३.८, म्हणजे आपल्याकडच्या निकषाने वजन जास्त! आता त्यांना खुर्चीत बसवा, गुडघा काटकोनात ठेवा आणि टाचेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. समजा ४५ सेंमी आले. बायकांसाठी सूत्र असं: ८४.८८ मधून वयाची ०.२४ पट वजा करायची, गुडघ्याच्या उंचीची १.८३ पट मिळवायची. उंची आली १४८.५ आणि बीएमआय २१.८, म्हणजे त्याच निकषाने ठीक. सूत्र अमेरिकेतल्या वृद्धांवरून बेतलेलं आहे, म्हणून अंदाजच. पण जेवण कमी करायला सांगण्याआधी हात आखडायला तेवढा पुरे.

अनवाणी उभं करून चरबीचा टक्का छापून देणाऱ्या यंत्राचं कौतुक तर विचारूच नका. ते चरबी मोजत नाही. बारीक वीजप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावरून ती ताडतं. प्रवाह पाण्यातून सहज जातो. त्यामुळे पायावर सूज असली की ते पाणी स्नायूंच्या खात्यात जमा होतं, आणि सकाळपासून उपाशीपोटी, घामाघूम रांगेत उभ्या असलेल्यांची चरबी उगाच वाढते. भेगाळलेल्या कोरड्या टाचा असल्या तर संपर्कच धड होत नाही. पेसमेकर असलेल्यांना त्यावर चढवूच नये.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. बसवून, पावलं जमिनीला टेकवून, पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती टेप फिरवा. कातडी दाबली जाऊ नये. थोडं वर-खाली सरकवून मोठा आकडा घ्या, दोन्ही पायांचा. आशियाई निकषानुसार पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंमीच्या खाली आलं तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. आधी नडगीवर अंगठा दाबून पाहा. खळगा राहिला तर सूज आहे, माप खोटं. स्थूल माणसाची पोटरी चरबीनेही जाड असू शकते, तिथेही टेप फसते.

म्हणून जोडीला खुर्ची. भिंतीला टेकवलेली, बिनहातांची. हात छातीवर घेऊन पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी हवी. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, घसरते.

आणि काट्यावरच्या आकड्यापेक्षा मोलाचा मागचा आकडा. गेल्या शिबिराचं कार्ड घेऊन या, असं आमंत्रणातच लिहावं. कार्ड नसेल तर विचारावं: बांगड्या सैल झाल्या का, पायजम्याची नाडी आत ओढावी लागते का? तीन महिन्यांत तीन किलोंहून जास्त उतरले असतील तर डाएटचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाठवा. जाता जाता कवळी नीट बसते का तेही पाहा. भाकरी सुटून चहा-खारीवर दिवस निघत असतील तर कारण बहुधा तिथेच सापडेल.

– एक आहारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट, दादर