खेळाडूच्या हजेरीची विचारपूस कोण करणार?

महोदय,
मार्क कमी पडलेले किंवा गैरवर्तनामुळे मोठ्या विद्यापीठाने काढून टाकलेले अमेरिकन फुटबॉलचे अनेक खेळाडू दुसऱ्या संधीसाठी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात येतात. मिसिसिपीतल्या स्कूबा या चिमुकल्या गावातले ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेज त्यासाठीच गाजले. 2011 ते 2018 या काळात पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळाली, प्रशिक्षक बडी स्टीफन्स यांचे नाव झाले. मला मात्र तिथल्या तत्कालीन शैक्षणिक सल्लागार ब्रिटनी वॅग्नर यांचे काम मोठे वाटते. पोरगा तासाला बसला का, पेन्सिल तरी आणली का, इथपासून त्या पाठपुरावा करत. शाळेतच मार्कांत मागे पडलेल्याला दोन वर्षांची पदवी पुरी केल्याशिवाय विद्यापीठ फुटबॉलच्या वरच्या श्रेणीचे दार सहसा उघडत नाही. अर्थात 2015 मध्ये मैदानावरच्या हाणामारीने याच संघाचा हंगाम आटोपला. आणि दुसरी संधी बहुधा सामने जिंकून देणाऱ्यालाच मिळते, हेही खरेच.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. गुण दिले की विषय संपला! त्यापेक्षा कनिष्ठ महाविद्यालयांनी खेळाडूंच्या अभ्यासाकडे पाहणारा एक शिक्षक नेमावा, आणि त्याच्या तासिका तेवढ्या कमी कराव्यात.

– एक क्रीडाशिक्षक, सांगली