साहेब, टाचणी काढण्याचाही दर लावा

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

जुन्या महसुली कागदांचं स्कॅनिंग चालू आहे. त्यात मी मशीनवर बसत नाही, मशीनच्या आधी बसतो. समोर गठ्ठा, हातात बोथट चाकू, तोंडाला फडकं.

फेरफाराच्या फायलीत अर्ज, जबाब, नोटिसा, आणि प्रत्येकाला गंजलेली टाचणी. ओढली की कागदाचा तुकडा घेऊनच येते. म्हणून कागद पालथा घालायचा, चाकूच्या पात्याने गंज सैल करायचा, मग जशी आत गेली तशीच मागे सरकवायची. एका टाचणीला कधी दोन मिनिटं जातात. घाईत एखादी स्टेपल राहिली तर शीटफेड, म्हणजे रोलरने कागद आत ओढणाऱ्या, स्कॅनरच्या काचेवर ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. ती नेमकी गट नंबरावर आली, तर 11 चे 111 व्हायला वेळ लागत नाही.

कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं असलं की मशीनला वाटतं दोन पानं आली, आणि ते थांबतं. पावसाळ्यात सर्दावलेले कागद तर खरोखरच जोडीने जातात. दहादा थांबल्यावर ऑपरेटर वैतागून दोन पानं ओळखणारा सेन्सरच बंद करतो. त्यालाही टार्गेट आहे, मी त्याला बोल लावत नाही. पण आमच्याकडे एका वारस नोंदीचं पान असंच सुटलं. आजी तीन वेळा हेलपाटे घालून गेल्या. दर वेळी उत्तर एकच, ‘सिस्टिमला दिसत नाही.’ शेवटी गठ्ठा सोडला, तर पान मागच्या नोटिशीला चिकटलेलं होतं.

आमच्या कंत्राटात पैसे मिळतात ते स्कॅन झालेल्या पानामागे. टाचण्या, टॅग काढणं, घड्या उलगडणं, पानं मोजून फायलीवर आकडा टाकणं, याला दरच नाही. मग ठेकेदार आधी याच कामाला कात्री लावतो.

सरकारी कागद जपण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आपल्याकडे आहे. निविदेत एवढंच वाढवा: कागद तयार करण्याचा वेगळा दर, पानांचा आकडा जुळल्याशिवाय बिल नाही, आणि मोडी कागद, कार्बन कॉप्या, कापडावर चिकटवलेले नकाशे रोलरमध्ये घालायचे नाहीत. त्यांना सपाट काचेचा स्कॅनर द्या. आमच्या खोलीत तसा एकही नाही.

आपला,
रेकॉर्ड रूममधला एक कंत्राटी कामगार