उतरलेल्या सहा किलोंविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वजन सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. ११० होतं, ते १०४ झालं. "एवढे महिने जीव काढून सहाच किलो, आणि उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे अजून जवळजवळ तीस बाकी," असं तू म्हणालास. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

सहा किलो म्हणजे तुझ्या मूळ वजनाचे साडेपाच टक्के. लठ्ठपणावर उपचार करणारे डॉक्टर पहिलं उद्दिष्ट पाच ते दहा टक्क्यांचं ठेवतात. रुग्णाची समजूत काढायला म्हणून ते लहान ठेवलेलं नसतं. इतकं वजन उतरलं की शरीराच्या आतलं कामकाज खरोखर बदलू लागतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

तुझी उपाशीपोटीची शुगर ११४ आली होती, तेव्हा तू विचारलं होतंस की रात्रभर पोटात काही नसताना सकाळी शुगर वाढते कशी. प्रश्न अगदी योग्य होता, आणि सगळ्याचं मूळ तिथेच आहे. रात्री आपल्याला लागणारी साखर प्रामुख्याने यकृत तयार करतं आणि रक्तात सोडतं. ती किती सोडायची यावर इन्सुलिनचा लगाम असतो. त्वचेखाली चरबी साठवायची प्रत्येकाची एक मर्यादा असते. कोठार भरलं की उरलेला माल मिळेल त्या खोलीत रचावा, तशी पुढची चरबी यकृतात, स्नायूंत, पोटातल्या अवयवांभोवती जाऊन बसते. चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि गरज नसताना साखर सोडत राहतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन बनवतं. हे वर्षानुवर्षं चाललं की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात आणि मधुमेह येतो. तू त्या रस्त्यावर आहेस, पण अजून शेवटाला पोचलेला नाहीस.

आता यातली चांगली गोष्ट. वजन उतरायला लागलं की यकृतातली चरबी अगदी सुरुवातीलाच कमी होऊ लागते. खाणं आटोक्यात आल्यावर काही दिवसांतच हा बदल सुरू होतो, तेव्हा आरशात काहीही दिसत नसतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लठ्ठपणा असलेल्या ४० जणांवरचा एक बारकाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी वजन आहे तेवढंच ठेवलं, काहींनी पाच टक्के उतरवलं, आणि त्यांच्यातले काही पुढे ११ आणि १६ टक्क्यांपर्यंत गेले. पाच टक्क्यांवरच यकृत, चरबीच्या पेशी आणि स्नायू या तिन्ही ठिकाणी इन्सुलिनचा परिणाम सुधारला होता, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं कामही. यकृत आणि चरबी यांच्यातला बहुतेक फायदा त्या पहिल्या पाच टक्क्यांतच झाला होता. स्नायू आणि स्वादुपिंड मात्र वजन उतरेल तसतसे सुधारत राहिले. म्हणजे तू ज्याला 'सहाच किलो' म्हणतोस, त्यातला प्रत्येक किलो कामी आला आहे, आणि पुढचेही येतील. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण एवढ्या लहान फरकाकडे त्यांनी इतक्या आस्थेने पाहिलं.

याहून मोठा पुरावा मधुमेह टाळण्याच्या अभ्यासातून मिळतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या या अभ्यासात ३,२३४ माणसं होती. त्यांची शुगर तुझ्यासारखी काठावर होती आणि सरासरी वजन ९४ किलो होतं. एका गटाला सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच सांगितलं होतं. सगळ्यांना तेही जमलं नाही. चोवीस आठवड्यांच्या अभ्यासक्रमाअखेर निम्मेच लोक सात टक्क्यांवर पोचले होते. तरीही सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की पुढच्या वर्षांत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं वजन पुन्हा चढलं, पण दहा वर्षांनीसुद्धा या गटात मधुमेह ३४ टक्क्यांनी कमीच होता. तुझ्यासाठी सात टक्के म्हणजे पावणेआठ किलो. तिथे पोचायला आता दोन किलोही उरलेले नाहीत.

बीपीचा आकडाही उतरलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण एकाने खाली येतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, लवकर खाली येतात. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, मात्र एवढ्याने फारसं हलत नाही, तेव्हा पुढच्या रिपोर्टमध्ये ते तेवढंच दिसलं तर मन खट्टू करून घेऊ नकोस.

हे सगळं लिहिताना तुला नुसती गोड बाजू दाखवायची नाही. पाच टक्क्यांनी सगळं बरं होत नाही. यकृताला सूज आली असेल तर ती उतरायला सात ते दहा टक्के लागतात. मधुमेह झालेल्या ५,१४५ जणांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये थांबवला गेला, कारण वजन उतरवूनही हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. त्यांची शुगर सुधारली, औषधं कमी लागली, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी झाला, पण हृदयाचं ते गणित जुळलं नाही. म्हणून मला वाटतं, वजन उतरवायची वेळ मधुमेह होण्याआधीची, म्हणजे तुझी आत्ताची. झाल्यावरही उपयोग असतोच. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ज्यांनी १५ किलो किंवा अधिक उतरवले, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाच्या शेवटी औषधांशिवाय आटोक्यात होता. पण पंधरा किलो उतरवण्यापेक्षा आत्ताचे सहा टिकवणं सोपं, असं माझं साधं मत.

टिकवण्याविषयी एक गोष्ट नक्की लक्षात ठेव. हल्ली सारखी भूक लागते आणि तुला स्वतःचा राग येतो, असं तू म्हणालास. अरे, वजन उतरलं की पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरून वर्ष झालं तरी ही हार्मोन्स पहिल्यासारखी झालेली नव्हती. शरीर जुनं वजन परत मागत असतं. यात तुझ्या इच्छाशक्तीचा दोष काढायला मी कुणालाही देणार नाही, तुलाही नाही. जेवणात प्रथिनं पुरेशी घे आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचा व्यायाम ठेव, म्हणजे चरबीबरोबर स्नायू फार जाणार नाहीत. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. आणि पुढे कधी डॉक्टरांनी वजनाचं औषध सुचवलं तर त्यात कमीपणा मानू नकोस. बीपीची गोळी घेताना मानतोस का?

वजनकाटा काही आठवडे एकाच आकड्यावर अडून बसेल. त्या दिवसांत कंबरेचा घेर मोजत जा. पोटातली चरबी कमी होत असेल तर तो आधी सांगेल.

आता दोन कामं सांगते, ती या आठवड्यात कर. सकाळी अंथरुणातून उठताना अंधारी येते असं तू ओझरतं बोललास. वजन उतरल्यावर बीपीच्या गोळीचा जुना डोस जास्त होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, पण चार दिवस घरी बीपी मोजून लिहून ठेव आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. दुसरं, एचबीएवनसी लगेच करून घेऊ नकोस. त्या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते, त्यामुळे वजन १०४ वर आल्याला तेवढा काळ होऊ दे. मग त्याच्याबरोबर उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड आणि लिव्हरच्या तपासण्याही कर, आणि जुने रिपोर्ट शेजारी ठेवून दोन्ही मला पाठव.

तुझी,
आई