चाकाला पान्हा लावताना तुम्ही थांबवलंत म्हणून

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

परवा जीप स्वतःच्या दमावर गॅरेजबाहेर आली तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण घसा दाटून आला आणि तुम्हीही लगेच इंजिनाचा आवाज ऐकायला बॉनेटखाली डोकं घातलंत. ते राहून गेलेलं आता लिहून काढतोय. पत्र उघड ठेवतोय, कारण घरच्या गॅरेजात जुनी लष्करी गाडी उभी करू पाहणाऱ्या आणखी कुणाच्या हाती ते पडलं तर बरंच होईल.

सुरुवात त्या चाकापासूनच करायला हवी. गाडी येऊन आठवडाही झाला नव्हता. ढकलत आत घेता यावी म्हणून मी चारही टायरांत हवा भरली होती. पुढचं डावं चाक काढायला बसलो, तर मधल्या पाच नटांपैकी एकही हलेना. पान्ह्याला पाइप लावून जोर केला, तरी नाही. मग म्हटलं, बाहेरच्या गोलातले नट तरी सुटतात का बघू. पान्हा बसवला आणि तेवढ्यात फाटकातून तुमचा आवाज आला, "हात काढ आधी!" तोवर आपली धड ओळखही नव्हती.

तुम्ही उकिडवे बसलात, व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ दिलीत आणि मगच बोललात. दुसऱ्या महायुद्धातल्या या जीपची रिम दोन तुकड्यांची. मधले पाच नट चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाला, धरतात, बाहेरचे नट त्या दोन तुकड्यांना एकमेकांशी. टायरात 35 पौंडांची हवा म्हणजे दर चौरस इंचाला 35 पौंडांचा रेटा; सगळा मिळून तो हजारो पौंडांत जातो. हवा असताना बाहेरचे नट सोडत गेलं, की उरलेल्यांचे आटे कधीतरी तुटतात आणि रिमचा तुकडा समोर बसलेल्याच्या अंगावर येतो. समोर मी बसलो होतो, तोंड चाकापासून हातभर अंतरावर.

आणि मधले नट का हलत नव्हते? डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे. मी इतका वेळ ते आवळतच होतो. तुमच्यादेखत पान्हा उलट फिरवला, पहिला नट एकदा करकरला आणि सुटला. तो आवाज अजून कानात आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही येतच राहिलात. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस माझ्या गॅरेजात स्टुलावर बसून मला काम करू देत होता. पान्हा तुम्ही क्वचितच हातात घेतलात. चूक होण्याआधी थांबवायचंत, एवढंच. मला तीच मदत सगळ्यात मोठी वाटते.

बॉनेटचंच बघा. मी ग्राइंडर लावून सगळा रंग उडवणार होतो. तुम्ही प्लग काढून ठेवलात. एक तर त्या काळच्या रंगात शिसं असतं, कोरडी धूळ छातीत जाते. दुसरं म्हणजे, "खाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुसू नको." मग पाणी आणि बारीक वॉटर पेपर घेऊन मी चार संध्याकाळी हलक्या हाताने घासत बसलो. वरचा चकचकीत हिरवा गेला, खाली दुसरा हिरवा लागला, त्याखाली मूळचा बिनचमकीचा ऑलिव्ह. आणि त्यावर पुसट निळसर आकडे, पहिले दोन 2 आणि 0. अमेरिकी लष्करात त्या काळी जीपचा नोंदणी क्रमांक 20नेच सुरू व्हायचा. आपण दोघं टॉर्च तिरपा धरून एकेक आकडा वाचत होतो. ग्राइंडर फिरला असता तर पाच मिनिटांत ते कायमचं गेलं असतं.

चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, विलीज कंपनीची, पण अर्ध्या बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा एफ, हे पाहून मी खट्टू झालो होतो. सगळे बदलून एकसारखे करायचे म्हणत होतो. तुम्ही समजावलंत, की 1941 ते 1945मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्याही सुटे भाग एकमेकींना बसतील अशा. वर्कशॉपमध्ये जो हाताला लागेल तो बोल्ट लागायचा. ही सरमिसळ म्हणजे गाडीने केलेली नोकरी. ते बोल्ट मी साफ करून जागच्या जागी बसवले.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. 6 व्होल्टची गाडी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि मी लावली होती बारीक केबल. जाड केबल टाकली, अर्थिंगची जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, तेव्हा स्टार्टर नीट फिरायला लागला.

जाम झालेल्या इंजिनाला मात्र तुम्ही हाताने फिरवायचं हँडलच लावायला सांगितलंत, तेही स्पार्क प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडून तीन आठवडे वाट पाहिल्यावर. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो." त्या दिवशी हँडल नखभर सरकलं. नखभरच! तुम्ही काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवलात. पुढे प्लगच्या वायरी लावताना एक-तीन-चार-दोन हा सिलिंडर पेटण्याचा क्रम तुमच्याच आवाजात डोक्यात घुमत होता.

काका, तुम्ही कधी काही घेतलं नाहीत, चहालाही दोनदा नाही म्हणालात. मी आभार मानतो, मनापासून, त्या पहिल्या दिवशीच्या ओरडण्यापासून परवापर्यंतच्या प्रत्येक वेळेसाठी.

मागच्या डाव्या चाकाचा टायर अजून बदलायचा आहे. रविवारी करू. हवा आधीच सोडून ठेवतो, तुम्ही या.

तुमचा,
जीपवाला