फॉरवर्ड पास १९१३चा नव्हे, १९०६चा

संपादक महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलची ओळख करून देताना ‘फॉरवर्ड पास नोत्र दामने १९१३ मध्ये आणला’ असे छापले आहे. त्या वर्षी नोत्र दाम विद्यापीठाने आर्मीला (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला) ३५-१३ असे लोळवले आणि डोराइस-रॉकनी ही फेकणारा-झेलणारा जोडी गाजली, हे खरे. पण चेंडू पुढे फेकायची, म्हणजेच फॉरवर्ड पासची, मुभा १९०६ सालीच मिळाली होती आणि ती पहिल्यांदा वापरली सेंट लुईस विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कोकेम्स यांनी. बड्या संघांत या विद्यापीठाची तेव्हा गणतीही नव्हती.

१९०५च्या हंगामात घोळक्याने धडका देण्याच्या खेळात पोरे दगावली. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावे लागले. म्हणून पासला परवानगी आली, पण हात आखडून. चेंडू मधल्या खेळाडूच्या डावी-उजवीकडे किमान ५ यार्ड सोडूनच दोन संघांमधली, डाव सुरू होण्याची रेषा ओलांडून गेला पाहिजे, आणि कोणाचाही हात न लागता जमिनीवर पडला की थेट प्रतिस्पर्ध्याचा. बहुतेक प्रशिक्षक त्या वाटेला गेलेच नाहीत.

कोकेम्सनी मात्र पोरांना उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला नेऊन फेकीचाच सराव घेतला. तेव्हाचा चेंडू पोटाला जाड, पंजात मावत नसे. टोकाकडे, जिथे घेर सर्वांत कमी, तिथल्या दोन नाड्यांच्या मध्ये बोटे रोवायची आणि सोडताना मनगटाला पीळ द्यायचा, म्हणजे चेंडू लांबीच्या अक्षावर फिरत जातो. पीळ नसेल तर तो हवेत कोलांट्या खातो, अंतर तुटते, झेलणाऱ्याला अंदाज येत नाही.

५ सप्टेंबर १९०६, विस्कॉन्सिनमधलेच वॉकेशा, समोर कॅरोल कॉलेज. सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनची पहिली फेक कोणाच्याच हाती लागली नाही, चेंडू गेला. तरी त्याच सामन्यात पुन्हा फेकायचे धाडस केले, आणि त्याचा सहकारी जॅक श्नायडर याने २० यार्डांवर झेलून टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. निकाल २२-०. त्या हंगामात संघाने अकराच्या अकरा सामने जिंकले. गुण ४०७ विरुद्ध ११!

नियमपुस्तिका सगळ्यांच्या हाती एकदमच पडते; फरक पडतो तो तिचा उपयोग आधी कोणाला सुचतो यात. कबड्डीत ‘डू ऑर डाय’ चढाई (दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद) आली तेव्हा तिसऱ्या चढाईसाठी माणूस राखायचा, हे कोणाला आधी सुचले, ते सांगली-इस्लामपूरच्या कबड्डीवाल्यांना सांगायला नको.

१९०८च्या हंगामानंतर कोकेम्स सेंट लुईसमधून बाहेर पडले, आणि पाच वर्षांनी श्रेय दुसरीकडे गेले. दुरुस्ती छापताना वर्षाबरोबर त्यांचे नावही द्यावे, ही विनंती.

— एक क्रीडाशिक्षक, विश्रामबाग, सांगली