सुरुवात कापसापासून कर

जि. यवतमाळ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. गावातल्या पोरापोरींना घेऊन बसायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. ‘मुलगा-मुलगी समान’ असं फळ्यावर लिहून सुरुवात करू का, असं विचारतोस. नको. ते वाक्य पोरं शाळेच्या भिंतीवर रोज वाचतात आणि घरी विसरतात. तू कापसापासून सुरू कर.

आमच्या गावच्या बैठकीत आम्ही पोरापोरींना एवढंच विचारलं, घरचा कापूस कोण वेचतं आणि चुकारा, म्हणजे विकल्याचा पैसा, कोणाच्या हाती येतो? वेचते माय, चुकारा बापाकडे. घरोघरचं उत्तर तेच निघालं. मग वेचणीला ‘हलकं काम’ का म्हणतात, यावर गाडी आली. नववीतला एक पोट्टा म्हणाला, “त्यात का जोर लागते?” शेजारच्या पोरीने आपली बोटं त्याच्यापुढे धरली. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडलेल्या, त्यात धूळ बसून त्या काळ्या झालेल्या. पोटाशी ओटी बांधून दिवसभर वाकायचं, आणि ओटी भरेल तसं ओझं वाढत जायचं. त्या पोट्ट्याने पुढच्या सुट्टीत मायसोबत पात धरली. ‘हलकं काम’ हा शब्द त्याच्या तोंडी मी पुन्हा ऐकला नाही.

मजुरीवरही बोल. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ सालीच झाला. पण गावात कामंच वाटून ठेवलेली: डवरणी, फवारणी गड्याची, निंदण, वेचणी बाईची. काम समान ठरतच नाही, मजुरी तेवढी कमी ठरते. जमिनीचंही तेच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. आपल्याकडे लग्न झालं की बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि भाऊबीजेला साडी नेसवतात. पोरींना घरचा सातबारा आणायला सांग. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, हे त्यांचं त्यांनाच वाचू दे.

पोरांना मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नको. “पोरगा होऊन रडतं का बे?” हे ऐकतच ते मोठे होतात. आपल्या भागात किती घरांनी कर्ता माणूस गमावला, तुला सांगायला नको. त्यामागे नापिकी आहे, पडलेले भाव आहेत, कर्ज आहे. सगळं मर्दपणाच्या कल्पनेवर ढकलणं खोटं होईल. पण कर्जाचा खरा आकडा बायकोला तेरवीनंतर कळला, असं आपण दोघांनीही ऐकलंय. घरात मन मोकळं करणं म्हणजे कमीपणा, हे पोराच्या डोक्यात कोण भरतं? मला विचारशील तर सगळ्या कामात हा प्रश्न मोलाचा. यावर पोरं लवकर बोलत नाहीत. घाई करू नको.

एक प्रसंग सांगतो. वाचनालयाची खोली झाडायची होती, आणि पोरं म्हणाली, ते पोरींचं काम. भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो, हातात खराटा. एका पोरीने तिकडे बोट दाखवून विचारलं, “मंग बाबा का बाई होते का बे?” बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, गावंच्या गावं त्यांनी स्वतः झाडली. पोरांना हे माहीत होतं, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. आता झाडण्याची पाळी ठरली आहे. ती कधी कधी चुकवली जाते, तेव्हा पोरीच हिशेब विचारतात, आणि मला ते फार आवडतं.

‘हे शहरातलं फॅड’ म्हणणारे तुलाही भेटतील. त्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे सांग. बाईला लावता ते दोष पुरुषात नाहीत काय, हे त्यांनी १८८२ साली छापून विचारलं. हा प्रश्न वऱ्हाडातलाच आहे.

आणि बैठकीची वेळ बदल. संध्याकाळी सात म्हणजे सैपाकाची वेळ, त्या वेळी पोरी चुलीपुढे असतात. मग ‘मुली येतच नाहीत’ असं तू लिहिशील. रविवारी दुपारी ठेव, पण वेचणीचे दिवस सोडून. त्यांनाच विचारून ठरव. वेळ ठरली की कळव, मी सकाळच्या एसटीने येतो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच